रनफ्लॅट काढून साधे टायर टाकले तर गाडी खरंच मऊ चालेल का?

प्रश्न नागपुरातल्याच एका गृहस्थांचा आहे. त्यांनी २०१४ ची बीएमडब्ल्यू झेड४ सेकंड हँड घेतली. अठरा इंची रिम, पुढे २२५/४०, मागे २५५/३५, चारही टायर रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे. ते लिहितात, "सिव्हिल लाइन्समध्ये गाडी छान चालते, पण रिंग रोडच्या सिमेंटवर आलो की प्रत्येक जॉइंटला पाठीत धक्का बसतो. बायको आता गाडीत बसायलाच तयार नाही. साधे टायर टाकले तर फरक पडेल का? हँडलिंग बिघडेल का? गाडीला स्टेपनी नाही, मग पंक्चर झालं तर काय करायचं?"

फरक पडेल, आणि तो दुकानातून निघाल्यावर पहिल्याच जॉइंटला कळेल. पण टायरच्या पैशाला हात घालण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासा, कारण तुम्हाला बसणाऱ्या धक्क्यातला काही भाग रनफ्लॅटचा असेल, काही टायरच्या वयाचा आणि काही कदाचित टायरचा नसेलच. बावीस वर्षं टायर आणि अलाइनमेंटचं काम करतो आहे. "साधे टायर टाकून द्या भाऊ" म्हणत थेट आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना आधी दुसरंच काम लागलं आहे.

रनफ्लॅट कडक का असतो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजेल. माझ्या दुकानात खिळ्याला टायरचे दोन कापलेले तुकडे टांगलेले आहेत, एक साध्या टायरचा आणि एक रनफ्लॅटचा. गिऱ्हाइकाने विचारलं की मी ते हातात देतो. साध्या टायरची बाजूची भिंत अंगठा आणि दोन बोटांत धरून दाबली की वहीच्या पुठ्ठ्यासारखी वाकते. रनफ्लॅटच्या भिंतीला आतून रबराचा जाड थर लावलेला असतो, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांकडे निमुळता. तो तुकडा दोन्ही हातांनी जोर लावला तरी जेमतेम हलतो. साध्या टायरमध्ये गाडीचं वजन हवा उचलते. रबर आणि त्यातले दोरे त्या हवेला फक्त बांधून ठेवतात. रनफ्लॅटमध्ये हवा तर उचलतेच, पण भिंतही खांद्याला खांदा लावून उभी असते. हवा पूर्ण गेली तरी ही भिंत गाडीला रिमवर बसू देत नाही, आणि म्हणूनच पंक्चर टायरवर ताशी ८० किलोमीटरच्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं. हा फायदा पंक्चर होईल त्या दिवशीचा आहे. त्याची किंमत मात्र गाडी रोज मोजते, कारण ती भिंत हवा भरलेली असतानाही तितकीच कडक असते.

आता धक्क्याचा हिशोब. गाडी दोन स्प्रिंगांवर उभी असते असं समजा. एक सस्पेन्शनची स्प्रिंग, दुसरी म्हणजे खुद्द टायर. ढोबळ आकडे घेऊ. अशा गाडीत सस्पेन्शन चाकाशी एक मिलिमीटर दबायला अडीच किलोच्या आसपास वजन लागतं. टायर एक मिलिमीटर दबायला वीस-पंचवीस किलो लागतं. म्हणजे टायर सस्पेन्शनच्या जवळपास दहापट कडक. साधा टायर २३ धरा, रनफ्लॅट २६-२७ धरा. लांबट उंचवट्यावरून गाडी हळू वर-खाली होते तेव्हा दोन्ही स्प्रिंगा मिळून काम करतात आणि बहुतेक सगळी दाब सस्पेन्शनच घेतं. हिशोब मांडला तर टायर बदलून तिथे दीड टक्क्याचाही फरक पडत नाही. पण सिमेंटच्या जॉइंटची धार, खचलेल्या चेंबरचं झाकण, गट्टूची उचललेली कड यांवर चाक इतक्या झटक्यात वर फेकलं जातं की सस्पेन्शनला हलायला सवडच मिळत नाही. त्या क्षणी धक्का पहिल्यांदा गिळायचं काम एकट्या टायरचं. तिथे टायरच्या कडकपणातले पंधराएक टक्के जसेच्या तसे रिममध्ये, रिममधून बुशमध्ये (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी गाद्यांत) आणि बुशमधून तुमच्या सीटमध्ये येतात. शिवाय रनफ्लॅट वजनानेही जड असतो, चाकामागे किलो-दोन किलो सहज. ते वजन शॉकअपच्या खालच्या बाजूला असतं. जड चाक वर फेकलं गेलं की त्याला परत रस्त्यावर आणून बसवायला शॉकअपला जास्त झगडावं लागतं.

म्हणूनच तुमचं निरीक्षण मला पटतं. डांबराच्या सपाट रस्त्यावर रनफ्लॅट त्रास देत नाही, सिमेंटवर देतो. सिमेंट रोडचे आडवे जॉइंट साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ६० च्या वेगाने सेकंदाला जवळजवळ चार जॉइंट येतात. पुढची आणि मागची चाकं वेगळी धरली तर सेकंदाला सात-आठ ठोके. आणि झेड४ ची रचना आठवून बघा. लांब बॉनेट, अडीच मीटरचा व्हीलबेस, आणि बसायची जागा अगदी मागच्या अ‍ॅक्सलला टेकून. चार दरवाजांच्या गाडीत ड्रायव्हर दोन्ही अ‍ॅक्सलच्या साधारण मधे बसतो, म्हणून त्याला दोन्हीकडचा धक्का थोडा विरून पोचतो. तुमच्या गाडीत मागच्या चाकाचा ठोका जवळजवळ थेट कमरेत येतो. "पाठीत धक्का बसतो" हे तुम्ही सहज लिहिलं असेल, पण ते तंतोतंत खरं आहे. त्यात मागे २५५/३५, म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर आणि भिंत तिच्या ३५ टक्के, फक्त ८९ मिलिमीटर. आपल्या चार बोटांच्या रुंदीपेक्षा फार जास्त नाही. एवढ्याशा उंचीत रनफ्लॅटचा जाड थर बसवल्यावर दबायला उरतं काय?

आता तपासणीकडे या.

सगळ्यात आधी टायरचं वय. टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असतात आणि ती बाजू कधीकधी आत गेलेली असते, म्हणून गाडीखाली टॉर्च घेऊन बघावं लागतं. सेकंड हँड स्पोर्ट्स कारमध्ये हा घोटाळा हमखास सापडतो. गाडी कमी चाललेली असते, नक्षी भरपूर शिल्लक असते, आधीचा मालक म्हणतो टायर नवेच आहेत, आणि टायर सात-आठ वर्षांचे निघतात. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. गाडी अंगणात उघड्यावर उभी राहिली असेल तर रबराने इतक्या वर्षांत काय सोसलं असेल याचा विचार करा. रबराचा कडकपणा मोजायचं छोटं घड्याळासारखं यंत्र मिळतं, ते मी खिशात ठेवतो. त्याची टोचणी नक्षीवर दाबली की काटा आकडा दाखवतो. नवा चांगला उन्हाळी टायर ६५ च्या आसपास दाखवतो. गेल्या वर्षी तुमच्यासारख्याच एका टू-सीटरच्या मागच्या टायरवर मी ८० च्या वर आकडा बघितला. नखाने ओरखडा काढायचा प्रयत्न केला तर नखच घसरत होतं. त्या गाडीला रनफ्लॅट काढून नवे रनफ्लॅटच टाकले असते तरी मालकाला गाडी बदलल्यासारखी वाटली असती. तेव्हा तुमचे टायर पाच-सहा वर्षांच्या वरचे असतील तर लक्षात ठेवा, नवे साधे टायर टाकल्यावर जो आराम मिळेल त्यातला बराचसा वाटा नवेपणाचा असेल.

दुसरी गोष्ट हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरचा दाब वेगवेगळा दिलेला असतो. किती गाड्या ४० पीएसआय भरून येतात याची गणती नाही, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की अशा टायरला जास्त हवा लागते. आणि स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली आणि ऊन न लागलेली. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत ३२ भरलेली हवा मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांत, गाडी एक फूटही न हलवता, ३७ च्या वर जाते. उलटही तितकंच खरं. मेच्या दुपारी तापलेल्या टायरमधून हवा सोडून आकडा बरोबर केला, तर पहाटे टायर उपाशी राहील. म्हणून सकाळी, घरच्या घरी, स्वतःच्या गेजने मोजा. पंपावरचे गेज दोन-तीन पीएसआय इकडेतिकडे दाखवतात. आराम मिळावा म्हणून स्टिकरच्या खाली जाऊ नका. रनफ्लॅटमध्ये तर त्याचा उपयोगही कमी, कारण भिंत कडक ती कडकच राहते. फक्त टायर आतून जास्त तापतो. नायट्रोजनबद्दलही सगळे विचारतात. कोरडा असतो, हळू झिरपतो, भरायला हरकत नाही. पण चालीच्या मऊपणात त्याने काही फरक पडत नाही, तापल्यावर तोही हवेसारखाच फुगतो.

तिसरी गोष्ट शॉकअप, बुश आणि रिम. दहा वर्षांच्या वरची गाडी आहे, त्यामुळे धक्क्याचा पोत ओळखायला शिका. प्रत्येक जॉइंटला छोटा, कोरडा "टक्" आणि पुढे काही नाही, तर तो टायरचा. स्पीड ब्रेकर उतरल्यावर गाडी एकदा बसून थांबायला हवी. दोन-तीन वेळा डोलली तर शॉकअप गेले. धक्क्याबरोबर "खड्" असा सुटा आवाज आला तर बुश किंवा लिंक. ९० ते ११० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग, किंवा रिम वाकलेली. रिमचं मी मुद्दाम सांगतो. कडक टायर आणि अठरा इंची अलॉय ही जोडी गड्ड्यात आपटली की टायरला काही होत नाही, पण रिमची आतली कड चेपते. बाहेरून दिसत नाही. बॅलन्सिंग मशीनवर चाक फिरवून आतल्या कडेशी बोट धरलं की लगेच कळतं, कड बोटाजवळ येते आणि लांब जाते. चारही चाकं अशी फिरवून बघायला सांगा, टायर घेण्याच्या आधी. वाकलेल्या रिमवर नवे टायर चढवून कुणाचंही समाधान झालेलं मी बघितलेलं नाही.

हे सगळं ठीक निघालं, आणि टायर तसेही बदलायला झाले असतील, तर मग साध्या टायरचा विचार करा. तुमचा दुसरा प्रश्न तिथेच येतो.

हँडलिंग बिघडत नाही, बदलतं. रनफ्लॅटची भिंत कडक असल्यामुळे स्टिअरिंग वळवल्या वळवल्या गाडीचं तोंड वळतं. साध्या टायरमध्ये भिंत आधी किंचित मुडपते, मग गाडी वळते. पहिले दोन-तीन दिवस तुम्हाला वाटेल की स्टिअरिंग थोडं सैल झालं. त्यात नव्या टायरची नक्षी पूर्ण खोलीची, सात-आठ मिलिमीटर, तीही थोडी हलते. शे-दोनशे किलोमीटर जाऊ द्या, मग मत बनवा. दुसऱ्या बाजूने मिळतं ते जास्त मोलाचं आहे असं मला वाटतं. खडबडीत वळणावर कडक टायर उड्या मारतो. चाक हवेत असतं तेवढा वेळ पकड शून्य. साधा टायर रस्त्याला चिकटून जातो, आणि आपल्याकडची वळणं काचेसारखी गुळगुळीत कुठे असतात? आणखी एक सुख म्हणजे सिमेंट रोडच्या उभ्या जॉइंटवर किंवा ट्रकांनी पाडलेल्या चाकोरीत रनफ्लॅटवाली गाडी स्टिअरिंग हातातून ओढते. रुंद, कडक टायर रस्त्याच्या रेघेमागे जातो. साध्या टायरवर ही ओढ बरीच कमी होते. माझ्याकडून टायर बदलून गेलेल्यांपैकी अनेकांनी आठवड्याने फोन करून मऊपणाच्या आधी हीच गोष्ट सांगितली, गाडी सरळ चालते आहे म्हणून.

कंपनीने गाडी रनफ्लॅटवर बसवली म्हणजे सस्पेन्शन त्याच्यासाठीच बनवलं असणार, मग साधा टायर कसा चालेल, अशी शंका बरेच जण काढतात. शंका रास्त आहे. गाडीचे शॉकअप आणि बुश रनफ्लॅटचा विचार करूनच बसवलेले असतात, त्यामुळे साध्या टायरवर गाडी मूळ हिशोबापेक्षा थोडी मऊ होते. पण बीएमडब्ल्यूच्याच एम३ सारख्या गाड्या साध्या टायरवर येतात आणि सोबत पंक्चरचं किट असतं. जिथे पकड आणि स्टिअरिंगची जाणीव सगळ्यात महत्त्वाची, तिथे त्यांनी स्वतः रनफ्लॅट टाळला. मात्र यावरून रनफ्लॅट म्हणजे स्पोर्ट्स कारला वाईटच, असंही म्हणू नका. शेवरोलेची कॉर्व्हेट १९९७ च्या पाचव्या पिढीपासून स्टेपनीशिवाय रनफ्लॅटवर आली, निसानची जीटी-आर वीस इंची रनफ्लॅटवर यायची. त्या गाड्यांना कुणी ढिल्या म्हणत नाही. टायर आणि सस्पेन्शन एकमेकांसाठी नीट जुळवले तर रनफ्लॅटवरही उत्तम गाडी होते. शिवाय आजचे रनफ्लॅट २००५ च्या आसपासच्या टायरांइतके दगडासारखे राहिलेले नाहीत. तुमच्या गाडीवर आत्ता आहेत ते कुठल्या काळातले आहेत, हेही त्या चार आकड्यांवरून कळेल.

एक तोटा मी लपवत नाही. रनफ्लॅट गड्ड्यात आपटला की रिम वाकते. साधा टायर आपटला की रिम वाचू शकते, पण टायरची भिंत रिम आणि गड्ड्याची धार यांच्यात चिमटीत सापडते, आतले दोरे तुटतात आणि बाहेर लिंबाएवढा फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो काढायचाच. त्यावर एक दिवसही हायवेला जायचं नाही. पावसाळ्यात पाण्याने भरलेला गड्डा किती खोल आहे ते दिसत नाही, आणि जून ते सप्टेंबर माझ्याकडे असे फुगे आलेले टायर ओळीने येतात. ८९-९० मिलिमीटरच्या भिंतीला तुम्ही कितीही चांगला टायर घेतला तरी हा धोका राहणार. म्हणून गाडी शहरातच जास्त फिरणार असेल तर मी सतरा इंची रिमचाही विचार करायला सांगतो. पुढे २२५/४५ आर१७, मागे २५५/४० आर१७. बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही, आणि भिंत १०१-१०२ मिलिमीटर होते. हे बारा मिलिमीटर कागदावर क्षुल्लक दिसतात, पण चेंबरच्या झाकणावर त्यांची किंमत कळते. मात्र रिम घेण्याआधी ती ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, आणि ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, बरोबर आहे ना, हे चाक प्रत्यक्ष लावून, हाताने फिरवून बघा. दिसायला गाडी अठरावर जास्त रुबाबदार दिसते हे मलाही मान्य आहे.

आता पंक्चर. तिसरा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिला, पण निर्णय खरं तर त्यावरच व्हायला हवा.

रनफ्लॅट तुम्हाला रस्त्याच्या कडेला उभं राहण्यापासून वाचवतो, हे खरं. वेगात अचानक हवा गेली तर टायर रिमवरून निसटत नाही, गाडी ताब्यात राहते, हे त्याहून महत्त्वाचं. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे आणि त्या वेगात पुढचा टायर बसला तर काय होतं याची कल्पना करायची गरज नाही, आपण सगळ्यांनी बातम्या वाचल्या आहेत. पण त्या ८० किलोमीटरांचा अर्थ नीट समजून घ्या. नागपुरात पंक्चर झालं तर घर गाठाल, दुकान गाठाल. शिर्डीला जाताना कारंजा ते मेहकरच्या मधे कुठे झालं तर ८० किलोमीटरमध्ये गाव येईल, पण त्या गावात २५५/३५ आर१८ चा रनफ्लॅट मिळणार नाही. शेवटी गाडी टोइंगच्या ट्रकवरच चढेल, फक्त उन्हात चढण्याऐवजी एखाद्या हॉटेलच्या दारात चढेल. २०२० च्या जूनपासून टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आलं, तेव्हापासून असे कमी खपाचे साइज नागपुरातही कधीकधी मागवून थांबावं लागतं.

आणि तो टायर नंतर वापरता येईलच असं नाही. दोन वर्षांपूर्वी एक तरुण गाडी घेऊन आला. टायरमध्ये खिळा होता, भंडाऱ्याकडून येताना दिव्याने इशारा दिला होता, तो तसाच आरामात आला. कुठेतरी त्याला बाहेरून स्ट्रिप, म्हणजे भोकात खुपसायची रबरी पट्टी, मारून दिली होती, आणि ती टिकते का एवढंच त्याला बघायचं होतं. मी टायर उतरवला. आत हात घातला तर बोटांना काळी भुकटी लागली, गिरणीत पीठ उडतं तशी बारीक. मूठभर निघाली असेल. ती भुकटी म्हणजे तोच आतला जाड थर, रिमशी आणि स्वतःशी घासून दळला गेलेला. बाहेरून टायर नव्यासारखा दिसत होता. त्याच स्ट्रिपवर तो दुसऱ्या दिवशी पुण्याला निघणार होता. हवा नसताना चाललेला रनफ्लॅट मी दुरुस्त करत नाही, आणि गिऱ्हाईक रागावलं तरी माझं म्हणणं बदलत नाही. हवा जायच्या आत खिळा सापडला, भोक नक्षीच्या भागात आणि सहा मिलिमीटरच्या आत असलं, तर आतून मशरूम पॅच लावता येतो, तोही कंपनी परवानगी देत असेल तर. बाजूच्या भिंतीत भोक असेल तर विषय संपला, मग टायर कुठलाही असो.

साध्या टायरला खिळा लागला तर बहुतेक वेळा हवा हळूहळू जाते. त्यासाठी डिकीत १२ व्होल्टचा चांगला कंप्रेसर, स्ट्रिपचं किट आणि सीलंटची (भोक आतून बुजवणाऱ्या द्रवाची) बाटली ठेवा. सीलंटवर तारीख असते, ती संपलेली नको. खिळा रस्त्यात उपटू नका. हवा भरा, आकडा बघा, जवळच्या दुकानात जा. धीम्या पंक्चरला एवढंच पुरतं. सीलंट वापरला असेल तर टायरवाल्याला आधीच सांगा, म्हणजे तो आतून धुवून पॅच लावेल. फुटलेल्या टायरला किंवा भिंतीतल्या कापाला मात्र किट काही करू शकत नाही, तेव्हा टोइंगच. हा धोका पत्करूनच साधा टायर टाकायचा. नियमाची अडचण नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर ट्यूबलेस टायर, हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर कारला स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. छोटी स्टेपनी डिकीत टाकून बघितलेले लोक आहेत, पण तुमच्या गाडीची डिकी छत वर असताना ३१० लिटर आणि छत आत घडी केल्यावर १८० लिटर. स्टेपनी ठेवली तर छत उघडायचं विसरा.

कुणाला मी रनफ्लॅट ठेवायला सांगतो तेही सांगतो. एक डॉक्टर मॅडम आहेत, आठवड्यातून दोनदा एकट्या गडचिरोलीच्या बाजूला जातात आणि रात्री परततात. त्यांनाही हाच धक्का जाणवतो, त्यांनीही हाच प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही बदलू नका. जंगलाच्या रस्त्यावर रात्री अकरा वाजता गाडी थांबवून खाली उतरायची वेळ तुमच्यावर येऊ नये, त्यापुढे जॉइंटचा धक्का काहीच नाही. त्यांना मी नव्या पिढीचे रनफ्लॅट टाकून दिले आणि हवा स्टिकरप्रमाणे ठेवायला सांगितली. तेवढ्यानेही त्यांना फरक जाणवला.

तुमचं लिहिणं वाचून मला वाटतं की गाडी शहरात फिरते आणि रविवारी रामटेककडे किंवा पेंचच्या वाटेला जाते. सोबत बायको असते, फोनला रेंज असते, दिवसाचा प्रवास असतो. असं असेल तर तुम्ही साधे टायर टाका. तुमच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. समृद्धीने रात्री-बेरात्री पुण्याला जाणं नेहमीचं असेल तर दोनदा विचार करा.

टाकायचे ठरवले तर चारही एकदम टाका. पुढे साधे आणि मागे रनफ्लॅट असं करून पैसे वाचवायला जाऊ नका. पुढचा टायर मऊ आणि मागचा कडक झाला की वळणात गाडी काय करेल याचा भरवसा राहत नाही, आणि ही गाडी मागच्या चाकांवर चालणारी आहे. चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आणि वेगाचं अक्षर (किती वेगापर्यंत चालतो ते) मूळ टायरपेक्षा कमी नको. दुकानदाराने साधा म्हणून रनफ्लॅट दिला किंवा उलट झालं, असंही होतं, म्हणून भिंतीवरची अक्षरं स्वतः वाचा. ब्रिजस्टोनवर आरएफटी, मिशलिनवर झेडपी, कॉन्टिनेन्टलवर एसएसआर, गुडइयरवर आरओएफ, डनलॉपवर डीएसएसटी असेल तर तो रनफ्लॅट. रिम बदलायची गरज नाही. तुमच्या रिमवर साइजपाशी ईएच२ असं उमटवलेलं सापडेल. म्हणजे हवा गेल्यावरही टायर जागेवर राहावा म्हणून रिमला दोन्ही बाजूंनी उंचवटा आहे. साधा टायर त्यावर व्यवस्थित बसतो.

जुने रनफ्लॅट उतरवायला मात्र असिस्ट आर्म, म्हणजे टायर दाबून धरणारा जादा हात, असलेलं मशीनच हवं. पहारीने उचकून काढले तर रिमला ओरखडे पडतात आणि व्हॉल्वपाशी सेन्सर असेल तर तो तुटतो. तुमच्या गाडीत हवेचा इशारा त्या सेन्सरवरून येतो की एबीएसकडून चाकांचा वेग मोजून, ते टायर उतरवल्यावर दिसेलच. दुसऱ्या प्रकारचा असेल तर नवे टायर लावून, थंड हवा बरोबर भरून, गाडीच्या मेनूतून ती यंत्रणा नव्याने रीसेट करून घ्या. नाहीतर ती जुन्या टायरच्या मापाने मोजत राहते. आता रनफ्लॅट नाही, त्यामुळे हा दिवा लागला की आधीसारखं "घरी जाऊन बघू" चालणार नाही. वेग हळूहळू कमी करून बाजूला थांबा आणि हवा मोजा.

अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, आणि निघताना जुन्या टायरवर ज्या रस्त्याने आलात त्याच रस्त्याने, त्याच वेगाने परत जा. वहिनींना शेजारी बसवा. छत बंद ठेवा, गाणी बंद ठेवा, आणि रिंग रोडच्या त्याच जॉइंटवरून ६० ने गाडी न्या.